पंधरा नंबरचं मलम

ताईच्या तोंडावर ऊन पडू द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा माय आधी हसली. आम्ही सुरतेत बमरोलीला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पाणी भरायचं तर चौकात, धुणं वाळत घालायचं तर चौकात आणि संडासाची रांग चौकाच्या पलीकडे. अशा ठिकाणी पोरीला उन्हापासून लांब ठेवायचं म्हणजे काय पेटीत घालून ठेवायची, असं माय विचारणारच होती. पण डॉक्टरीणबाई पुढे बोलल्या आणि मायचं हसू तिथल्या तिथे राहिलं. हा आजार गालांवर दिसतो, पण तो कातडीचा नाही, त्या म्हणाल्या. ऊन लागलं की तो अंगात भडकतो आणि भडकला की किडनीवर जातो. किडनी वाचवायची असेल तर पोरीला ऊन लागू देऊ नका.

ही नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. ताई तेव्हा विशीची होती आणि मी दहावीत. त्याआधी वर्षभर आम्ही तिला घेऊन दवाखान्यांचे उंबरे झिजवत होतो. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल पट्टा उठायचा, बारीक ताप यायचा, सकाळी बोटं वळायची नाहीत. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम ती घरी करायची, तेही सुटलं. कोणी उष्णता म्हणायचं, कोणी कावीळ, कोणी नुसतंच मान हलवून दुसऱ्याकडे पाठवायचं. शेवटी मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या या बाईंनी आजाराला नाव दिलं. ते नाव आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारलं नाही. गल्लीत सांगायचं ठरलं, ॲलर्जी आहे. लग्नाच्या पोरीला किडनीचं काही आहे असं बाहेर कळलं असतं तर खानदेशापर्यंत बोभाटा झाला असता.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, लांब बाह्यांचे कपडे घालायला सांगितलं, छत्री सांगितली, आणि घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी तोंडाला, मानेला, हातांना लावायला एक मलम सांगितलं. सनस्क्रीन. ‘तीस नंबरचं घ्या,’ त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या. बाहेर रांग दारापर्यंत आली होती. तीस नंबर म्हणजे काय, हे विचारायचं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारलं नसतं. डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं, अशी आमच्याकडची समजूत होती, आणि त्या समजुतीचा मला आजही संताप येतो.

तर त्या तीसचा अर्थ आम्ही घरीच लावला. मला वाटलं, लावल्यापासून तीस मिनिटं चालत असेल. ताईला वाटलं, तीस टक्के औषध आणि बाकीचं नुसतं क्रीम. माय म्हणाली, नंबर मोठा म्हणजे किंमत मोठी, दुसरं काय. शेजारच्या काकूंना ताईचं मलम येणार एवढंच कळलं होतं, त्यांनी तर डोळा मारून सांगितलं, ‘‘तीस दिसमा गोरं करत व्हई.’’ आबा तेवढे काही बोलले नाहीत. आबा म्हणजे माझे वडील. खानदेशातल्या एका कापडगिरणीत सूतखात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ती गिरणी बंद पडली तसे ते भाऊबंदांच्या मागोमाग सुरतेला आले आणि लूमवर साड्या विणायला लागले. दिवसभर लूमच्या खडखडाटात बोलून उपयोग नसायचा, म्हणून की काय, घरीही त्यांचं तोंड फारसं उघडायचं नाही. आम्ही अंदाज करत बसलो होतो तेव्हा ते शांतपणे भाकरी खात होते. त्यांना अंदाज करायची गरज नव्हती, ते आधीच सगळं समजून चुकले होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मलम बमरोलीत मिळालं नाही. भेस्तानला विचारलं, तिथेही नाही. तेव्हा असली मलमं सगळीकडे मिळत नसत. शेवटी सुट्टीच्या दिवशी मी आणि आबा रिंग रोडच्या बाजूला एका मोठ्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने कपाट धुंडाळलं आणि मान हलवली.

‘‘त्रीसनुं तो खलास थई गयुं, काका. पंदरनुं छे. ने आ पिस्तालीसनुं, बहारगामनुं छे.’’

त्याने दोन खोकी काचेवर ठेवली. एकावर पंधरा, एकावर पंचेचाळीस. पंचेचाळीसचं चांगलंच महाग होतं. आबांनी चष्मा लावला, दोन्ही खोकी हातात घेऊन आकडे वाचले आणि पंचेचाळीसचं त्याच्याकडे परत सरकवलं.

‘‘आबा, मोठा नंबरनं ल्या ना,’’ मी म्हणाले.

‘‘तुले काय समजस त्यामा?’’ असं म्हणून ते दुकानदाराकडे वळले. ‘‘पंदरनुं आपो. बे आपो.’’

त्या माणसाने दोन ट्यूब कागदात गुंडाळल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. आतून नुसती धुमसत होते. डॉक्टरीणबाई तीस म्हणाल्या होत्या. तीस नाही तर त्याच्या पुढचं घ्यायचं, एवढी अक्कल मला दहावीत होती. हा माणूस पोरीच्या जिवावर काटकसर करतोय, असं मी मनात म्हटलं, आणि दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

ताईने खोकं उलटसुलट करून पाहिलं. ‘‘आबा, तीसनं सांगेल व्हतं ना?’’

‘‘हाई त्यानापेक्षा चांगलं शे,’’ आबा म्हणाले.

आबा कुठल्याच गोष्टीला सहसा चांगलं म्हणत नसत. साडीचा अख्खा तागा बिनडागाचा निघाला तरी ‘ठीक’ म्हणायचे. त्यामुळे त्यांनी चांगलं म्हटल्यावर ताईचा विषय संपला. मी मात्र ते तोंड गप्प करायला फेकलेलं वाक्य समजले.

मलम पांढरंफटक आणि चिकट होतं. लावलं की ताई पिठाच्या डब्यात तोंड घालून आल्यासारखी दिसायची, आणि चौकातल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. ‘‘काय वं, कोनले दाखाडासाठे चालनी?’’ ताई हसून पुढे जायची. घरी आली की आरशासमोर उभी राहून गाल चाचपायची. पट्टा लाल झालाय का, कालच्यापेक्षा वाढलाय का, हे ती दिवसातून कितीदा तरी मला विचारायची आणि मी नाही म्हटलं की पुन्हा आरशात बघायची. आम्ही सगळेच तिच्या चेहऱ्याकडे बघत जगत होतो. मायने तर तिचे पाय बघायची सवय लावून घेतली होती. किडनीवर गेलं तर पाय सुजतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ताई झोपली की माय तिच्या घोट्यावर अंगठा दाबून बघायची, खळगा पडतो का.

उन्हाळा बरा गेला. पट्टा फिका झाला, ताप थांबला. खरं तर ताई दुपारची बाहेरच पडत नव्हती, तिच्या वाटचं पाणी मी भरत होते, धुणं माय वाळत घालत होती. पण श्रेय मिळालं मलमाला. आबांना तर त्या ट्यूबचं भारी कौतुक. संपत आली की स्वतःहून रिंग रोडला जाऊन तसलीच नवी घेऊन यायचे. पंधराचीच.

श्रावण आला आणि कानबाईचं ठरलं.

आमच्या खानदेशी माणसांची कानबाई ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. श्रावणातल्या एका रविवारी ही देवी घरात बसते. नारळाला देवीचा मुखवटा, नथ, दागिने, नवं वस्त्र. सगळे भाऊबंद गोळा होतात, रोट होतात, पुरणपोळ्या होतात, रात्र जागवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पाटासकट डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. सुरतेतही हे चुकत नाही. गल्लीगल्लीतून कानबाई निघते. त्या वर्षी ती आमच्या घरी बसणार होती, आणि मायने ताईच्या दुखण्यात नवस बोलून ठेवला होता की पोरीचा ताप गेला तर पोर स्वतः तुला डोक्यावर घेऊन निघेल.

ताप गेला होता. म्हणजे आता फेडणं आलं.

माय मला घेऊन डॉक्टरीणबाईंना विचारायला गेली, तेवढं तिने शहाणपण केलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, जायचंच असेल तर लोशन नीट लावून, लांब बाह्या घालून, छत्रीखाली, अर्धा तास. त्याच्यावर नाही. मायने अर्धा तास हे ऐकलं आणि बाकीचं देवीवर सोडलं.

मला त्या दिवसाची भीती आधीपासून वाटत होती. मिरवणुकीचा अर्धा तास कधी होत नाही. पण माझं ऐकणार कोण? मी मायला सांगितलं, नवस मी फेडते, मी डोक्यावर घेते. माय म्हणाली, नवस तुझ्या नावाचा नाही. ताईला विचारलं तर तिलाच जायचं होतं. वर्षभर घरात कोंडून बसलेली पोर ती, सगळ्या भाऊबंदांसमोर नवी साडी नेसून कानबाई डोक्यावर घ्यायची म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणेल? रविवारी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. सोमवारीही तसंच. आबांनी दारातून वर पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ढग शेतस. आन मलम शे.’’ त्यांचा आवाज अगदी निश्चिंत होता.

ताईचं मलम आम्ही दोघींनी मिळून लावलं. तिने तोंडाला आणि हातांना लावलं, मी मानेला, कानांमागे, पाठीच्या उघड्या भागाला. चांगलं भरपूर लावलं, ट्यूब पिळून पिळून संपवली. मग तिने पाट डोक्यावर घेतला आणि आम्ही निघालो.

पहिल्या चौकातच बँडवाले थांबले. बायका फेर धरून नाचायला लागल्या. मी छत्री उघडून ताईच्या बाजूला उभी राहिले, पण देवीच्या डोक्यावर छत्री आडवी येते म्हणून एका काकूंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. दुसऱ्या चौकात पुन्हा थांबलो. प्रत्येक दारात ओवाळणी, प्रत्येक दारात ताईच्या पायांवर पाणी. ढग होते, पण उकाडा असा की अंगातून धारा लागल्या होत्या. ताईच्या कपाळावरचं पांढरं मलम घामाबरोबर ओघळून भुवयांवर आलेलं मला दिसत होतं. तिचे दोन्ही हात पाटाला होते, तिला ते पुसताही येत नव्हतं. मी पदराने पुसलं. म्हणजे होतं नव्हतं तेही मीच पुसून काढलं, हे तेव्हा कुठे माहीत? दुसरी ट्यूब घरी होती. मी मायला म्हटलं, मी पळत जाऊन आणते, पुन्हा लावू या. माय म्हणाली, देवी डोक्यावर असताना तोंडाला काही लावायचं नाही.

मध्येच ढग फाटले. फार वेळ नाही, पण ऊन लख्ख पडलं, आणि ताई हसत होती. टेम्पो सापडून तापीवर पोचेपर्यंत दुपार झाली होती.

दोन-तीन दिवसांतच पट्टा पेटला. नुसता लाल नाही, गाल सुजून डोळे बारीक झाले. ताप आला. बोटं आखडली. आणि एका सकाळी मायने ताईच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला, तेव्हा पडलेला खळगा भरून यायला वेळ लागला. मायने माझ्याकडे पाहिलं आणि मी रिक्षा आणायला धावले.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताईला दाखल करून घेतलं, लघवी आणि रक्त तपासायला पाठवलं. किडनीवर किती गेलंय ते दुसऱ्या दिवशी कळणार होतं. मग त्यांनी खाटेपासून थोडं लांब, दारापाशी आम्हाला उभं केलं. मी, माय आणि आबा. आबा लूमवरून तसेच आले होते, केसांत सुताचा भुगा होता.

‘‘लोशन लगाया था?’’

‘‘हो, लगाया था,’’ मी म्हणाले. ‘‘भरपूर लगाया था.’’

‘‘तीस वाला?’’

तेव्हा माझा तोल सुटला. इतके महिने साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ‘‘पंदरह का. ये सस्ता देखकर लाए. दुकान में पैंतालीस का था, मैंने बोला था, इन्होंने सुना नहीं.’’ बापाकडे बोट दाखवून बोलले. मायने माझा दंड धरला, मी झटकला. कोणीतरी हे बोलायलाच हवं होतं, असं मला वाटत होतं. आजही वाटतं, कारण बोलले नसते तर त्यापुढचं कधी कळलंच नसतं.

आबा माझ्यावर रागावले नाहीत. त्यांना माझं बोलणं समजलंच नाही, असा चेहरा झाला त्यांचा.

‘‘सस्ता नहीं, बेन,’’ ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. ‘‘मोटा लिया.’’

‘‘मोटा क्या?’’

‘‘तीस का बारीक रहता है. पैंतालीस का तो एकदम बारीक. पंदरह का मोटा.’’ बाई माझ्याकडे बघायला लागल्या, तसे आबाही माझ्याकडे वळले आणि घरच्या बोलीत, मला समजावल्यासारखं म्हणाले, ‘‘तीसनं सूत बारीक ऱ्हास. पंधरानं जाड. जाड कापडमाईन ऊन येस का?’’

गिरणीतल्या सुताचा नंबर. ठरावीक वजनाच्या सुताची लांबी किती भरते, त्यावर तो नंबर ठरतो. एकाच वजनात जितकं लांब सूत निघेल तितकं ते बारीक, म्हणून नंबर वाढला की सूत बारीक होत जातं. तलम धोतराला मोठा नंबर, जाड्याभरड्या चादरीला लहान. आबांनी त्या काउंटरवर दोन आकडे वाचले आणि पोरीसाठी जाडातलं जाड निवडलं. ते पंधराचं महाग असतं तर त्यांनी तेच घेतलं असतं. पोरीच्या तोंडावर ते जणू खादीचा पडदा बांधत होते.

आणि खरी चीड यायची गोष्ट पुढेच आहे. सुरतेत सुताचा हा नंबर चालतच नाही. इथे साडीच्या धाग्याचं माप डेनियर, आणि डेनियरमध्ये आकडा वाढला की धागा जाड होतो. आबा रोज डेनियरचा धागा हाताळत होते. लूमवरचा हिशोब डोक्यात ठेवून त्यांनी मलम घेतलं असतं तरी बरोबर पंचेचाळीसचं उचललं असतं. पण पोरीच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी पोटापाण्याच्या धाग्यावर विसंबायला नकार दिला आणि ज्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता त्या गिरणीतल्या सुताकडे गेले.

डॉक्टरीणबाईंना मी हे तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, उलट पहिल्यांदाच स्टुलावर बसल्या आणि आबांशी सावकाश बोलायला लागल्या. ‘‘काका, आ सूत नथी. अहीं नंबर जेटलो वधारे, एटलुं रक्षण वधारे.’’ मग अर्धं हिंदी, अर्धं गुजराती करत त्यांनी सांगितलं की उघडी कातडी लाल व्हायला जेवढं ऊन पुरतं, त्याच्या किती पट ऊन लागल्यावर मलम लावलेली कातडी लाल होईल, तो हा आकडा. पंधरा म्हणजे पंधरा पट, तीस म्हणजे तीस पट. तोही प्रयोगशाळेत जाड थर लावून काढलेला. माणसं लावतात पातळ, घाम येतो, पुसलं जातं, मग तेवढं उरत नाही. म्हणून दोन-दोन तासांनी पुन्हा लावायचं, घाम आला की लगेच लावायचं. ढगांवर विसंबायचं नाही, ढगांतूनही किरण येतात. आणि हा आकडा एकाच तऱ्हेच्या किरणांचा. खोलवर जाणारे दुसरे किरण असतात, ते ताईसारख्या पेशंटला तितकेच वाईट, आणि ते या आकड्यात धरलेलेच नसतात. त्यासाठी मलमात जस्ताची भुकटी आहे का ते बघायचं, आणि सगळ्यात आधी उन्हात जायचंच नाही. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बाहेरची रांग दिसली आणि मी गप्प बसले.

आबा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘मंग मी पंचेचाळीसवालं लेतू तं?’’

मी ते हिंदीत करून सांगितलं. बाई आबांकडे वळल्या. ‘‘फर्क पडता, काका. कितना पडता, मैं नहीं बोल सकती.’’

त्यांनी खरं तेच सांगितलं. पण त्यातलं पहिलंच वाक्य आबांना ऐकू आलं.

ते वॉर्डाच्या बाहेर जिन्यावर जाऊन बसले. मायने डबा नेला, तो तसाच परत आला. मी चहा नेला, तो त्यांच्या शेजारी निवला. लूमवर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. लघवीतून प्रथिनं जात होती, आजार किडनीवर गेला होता. वेळेत आणलंत, मोठ्या डोसाच्या गोळ्या सुरू करते, आता त्या लागू पडतात का ते बघायचं, एवढंच बाई म्हणाल्या. मी जिन्यावर जाऊन आबांना सांगितलं. ते हाताचे तळवे बघत राहिले. मला त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने रडावंसं वाटलं. माझा इतक्या महिन्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्या जागी काय आलं ते सहन होत नव्हतं.

‘‘आबा मजार काब येतस नही?’’ ताईने मला विचारलं. आत का येत नाहीत. तिचे ओठ सोलले होते, बोलताना दुखत होतं. मी टाळायचा प्रयत्न केला, मग सगळं सांगितलं. पंधरा, तीस, सूत, जिना, तसाच राहिलेला डबा. ती छताकडे बघत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, त्यांना बोलाव.

आबा आले ते खाटेपासून हातभर लांब उभे राहिले. पोरीच्या सुजलेल्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही.

‘‘आबा,’’ ताई म्हणाली, ‘‘मी त्या दिवशी ते लायंच नही.’’

आबांनी मान वर केली.

‘‘मलम. लायंच नव्हतं. डोयामा जास, वास येस. म्हनीसन लायं नही. बायका हसतस.’’

मी ताईच्या उशाशी उभी होते. याच हातांनी मी तिच्या मानेला ते लावलं होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी माझं उघडलेलं तोंड मिटलं. माय तिकडे डबा बांधत होती, तिचा हात थांबला, आणि मग तिने पुन्हा गाठ मारली.

आबांच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. ‘‘काब नही लायं?’’ त्यांचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. ‘‘अक्कल शे का तुले? डॉक्टर सांगस, आम्ही धुंडीधुंडीसन आनतस, आन तू बायका हसतस म्हनीसन...’’ इतकं लागोपाठ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, नर्स येऊन उभी राहिली. ताई मान खाली घालून ऐकत होती, मध्येमध्ये ‘हो आबा’ म्हणत होती. ते दम लागेपर्यंत बोलले. मग मायकडे वळून त्यांनी डबा मागितला आणि तिथेच, खाटेच्या पायथ्याशी बसून, दोन दिवसांत पहिल्यांदा जेवले.

गोळ्या लागू पडल्या, पण सावकाश. पावसाळा सरला, थंडी गेली, मग कुठे ताईचा रिपोर्ट सुधारला, आणि पुढेही तिला किडनीची तपासणी कधी सुटली नाही. तिचं लग्न झालं, आजार सांगून झालं. ती कामरेजकडे राहायला गेली. आबा तिच्याकडे जायचे तेव्हा पिशवीत नव्या नंबरची ट्यूब असायची. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी विचारायचे, लावलं का. जावयाला, व्याह्यांना, आल्यागेल्याला सांगायचे, आमची ही पोर भारी निष्काळजी, एकदा जिवावर बेतलं होतं, हिच्यावर लक्ष ठेवा. ताई ते ऐकत ऐकत त्यांच्यासाठी चहा टाकायची. आमच्यात ती सगळ्यात सांभाळून वागणारी होती, आणि आबा गेले तेव्हाही त्यांना ते माहीत नव्हतं.